विळीइतकी धार

परवा फोनवर आरव म्हणाला, बाबा त्याला मासे धरायला नेणार आहेत आणि त्यासाठी चाकू घ्यायचा आहे. पण दुकानात इतके प्रकार होते की तो काहीच न घेता परत आला. "आजी, मासे कापायला कोणता चाकू चांगला?" माझ्या ओट्यावर आजवर भेंडीपेक्षा धोकादायक काही कापलं गेलेलं नाही, त्यामुळे हा प्रश्न त्याने मला विचारावा याची मौज वाटली. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की या विषयावर मी जितकं ऐकून घेतलं आहे तितकं एखाद्या मच्छीमाराच्या बायकोनेही ऐकलं नसेल. ते सगळं ऐकवलं आमच्या कळमनुरीच्या घरमालकांनी. म्हणून आरव आणि ईरा, तुम्हा दोघांसाठी हे लिहिते आहे. सगळं क्रमाने सांगायची मला सवय आहे, पण हा माणूस क्रमात बसणारा नव्हता.

नव्वदच्या दशकात मी कळमनुरीला कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि तुमचे आजोबा बँकेत होते. हिंगोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता. नांदेडच्या रस्त्याला लागून असलेल्या एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. पुढे मालकांचं बिऱ्हाड, मध्ये अंगण, अंगणात कडुनिंब, निंबाखाली धारेचा दगड आणि त्याच्या पलीकडे विहीर. घरमालकांना आम्ही, शेजारी आणि बाजारातली माणसं नुसतं 'मालक' म्हणायचो. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. अंगाने किडकिडीत, आवाज भरदार, आणि मिशी अशी की एखाद्या थोराड माणसासाठी बेतलेली मिशी चुकून यांच्या घरी पोचती झाली असावी.

त्यांचा उजवा हात चारचौघांसारखा होता. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नव्हता. सुरीला धार लागली की नाही हे ते त्या हातावर पाहायचे. पातं हलकेच फिरवायचं, केस उडाले की धार झाली. रोज संध्याकाळी हे चालायचं, त्यामुळे उडायला केस उरायचेच नाहीत आणि मग मालक पेचात पडायचे. अशा वेळी ते सुरी कानाजवळ धरून नखाने तिला टिचकी मारत.

"धार बघायची न्हाई बाई, ऐकायची," ते मला सांगत.

मी ऐकायचा प्रयत्न केला. मला नांदेडला जाणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकू आला.

पुढच्या खोलीत, जिथे इतर लोक देवादिकांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या तसबिरी लावतात, तिथे मालकांच्या सुऱ्या होत्या. एका लाकडी फळीवर खिळ्यांना टांगलेल्या, मोठीपासून बारकीपर्यंत. वर रानडुकराची, खाली हरणाची, मग सशाची, मग तितराची. उजव्या हाताला मासळीचा विभाग. त्यात कटल्याची वेगळी, वांबीची वेगळी आणि सगळ्यात मानाची मरळीची. मी नवीन होते तेव्हा अजाणतेपणाने विचारलं होतं, की एकाच सुरीने सगळं कापलं तर काय होईल. मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एकाच शब्दाने सगळं इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहते.

"मासळीच्या सुरीचं पातं पातळ आन् लवचिक पायजे, बाई. काट्याच्या कडंकडंनं वळलं पायजे. जनावराच्या सुरीला पोट पायजे."

"पोट?"

"टोकाकडं गोलाई. सोलताना सरळ टोक आत घुसलं की कातडं गेलं कामातून. आन् मुठीचं नंतर बघा. लोक मूठ बघून सुरी घेत्यात, नवरीचं लुगडं बघून पसंती केल्यावानी. आधी पोलाद बघा. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद, त्याच्यापुढं सगळं पत्र्याचं खेळणं."

हे सगळं खरं होतं, आरव. नंतर मी चार ठिकाणी वाचून खात्री करून घेतली. फक्त एक गोष्ट मला हळूहळू समजत गेली. त्या फळीवरच्या एकाही सुरीने कधी काही कापलेलं नव्हतं.

शिकारीला कायद्याने बंदी येऊन फार वर्षं झाली होती आणि या बंदीचा मालकांना जेवढा आधार होता तेवढा जंगलातल्या प्राण्यांनाही नसेल. "बंदी आली म्हणून, न्हाईतर..." हे वाक्य ते बसस्टँडवरच्या हॉटेलात चहाच्या प्रत्येक कपाबरोबर उच्चारत आणि पुढचं ऐकणाऱ्यावर सोपवत. ऐकणारे पुढचं आपापल्या कुवतीप्रमाणे रचत. एकाने रचलं की मालकांनी तरुणपणी इसापूरच्या जंगलात एका घावात डुक्कर आडवं केलं. दुसऱ्याने त्याची दोन केली. मालकांनी यातलं काहीही स्वतःच्या तोंडाने सांगितलं नाही आणि काहीही नाकारलं नाही. ते फक्त मिशीवरून हात फिरवायचे. मासेमारीला अर्थातच बंदी नव्हती. पण त्याबाबत त्यांचं म्हणणं असं, की इसापूरच्या धरणाचं पाणी सध्या बराबर नाही.

दिवाळीनंतर घिसाड्यांची पालं गावाबाहेर पडत. मालक दर वर्षी एक तरी नवीन सुरी घडवून घ्यायला तिथे जात. एकदा मी विळी घेऊन त्यांच्याबरोबर गेले होते. एक घिसाडीण भला मोठा घण उचलून मारत होती आणि तिचा नवरा सांडशीत लोखंड धरून बसला होता. मालकांना पाहून तिने घण खाली टेकवला.

"आले का शिकारीसाहेब! औंदा काय मारलं?"

"बंदी हाये ना, बाई."

"मच्छर मारायला बी बंदी हाये काय?"

तिचा नवरा हसून लाल लोखंडाकडे पाहत राहिला. मालक अजिबात रागावले नाहीत. त्यांनी सुरीचं माप सांगितलं, वळण सांगितलं आणि ही सुरी कशासाठी आहे तेही सांगितलं. लावरीसाठी. लावरी म्हणजे मुठीत मावेल एवढा पक्षी. ती बाई पुन्हा घण उचलेपर्यंत बराच वेळ गेला, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

आता रोज धार लावली आणि कापलं काहीच नाही, तर सुरीचं काय होतं? ती झिजते. मालक शिस्तीचे होते. दगड आधी पाण्यात भिजवायचा, सुरीची पाठ ज्वारीच्या दाण्याइतकी वर धरायची, दोन्ही अंगांना सारखा हात द्यायचा, मग जुन्या कातडी पट्ट्यावर घासायची. "घाई केली की धार रुसती," असं ते म्हणत. इतक्या प्रेमाने घासलेली रानडुकराची सुरी काही वर्षांत हरणाच्या जाडीची व्हायची. मग मालक तिला हरणाच्या खिळ्यावर टांगत. हरणाची झिजून सशाची व्हायची, सशाची तितराची. माझ्या डोळ्यांदेखत एका सुरीने डुकरापासून मासळीपर्यंतचा सगळा प्रवास केला, आणि त्यात एकाही जिवाला खरचटलं नाही. सरकारी नोकरीत बढती मिळते तशी या सुऱ्यांना उतरती मिळायची. शेवटी जी अगदी दाभणासारखी उरायची तिला मालक 'काटा काढायची' म्हणत आणि खालच्या खणात ठेवून देत. ती निवृत्त झालेली.

या घरातल्या स्वयंपाकघरात कळमनुरीतली सगळ्यात बोथट विळी होती.

मालकीणबाई त्या विळीवर भोपळा चिरायच्या तेव्हा माझ्या खोलीत बसून मला ऐकू यायचं. आधी भोपळ्यावर विळीचा दाब, मग मालकीणबाईंचा श्वास, मग भोपळा निसटून भिंतीवर आपटल्याचा आवाज. त्या उंच, शांत, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. घरात मांसमच्छी चालायची नाही, असा त्यांचा नेम होता. पाहुणेच तसे असतील तर बाहेर निंबाखाली तीन दगड मांडून, वेगळं ठेवलेलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं काढून पुरुषांनी रांधावं आणि खावं, एवढी सूट त्यांनी दिली होती. आपल्याकडे बऱ्याच घरांत अशी रीत असते. पण ते पातेलं अंगणातल्या शेडच्या पत्र्याखाली टांगलेलं असायचं आणि त्यात चिमण्या राहायच्या.

"अहो, विळीला जरा धार लावता का?" त्या विचारायच्या.

"विळीला?" मालकांचा आवाज दुखावलेला असायचा. "ते धार लावणं न्हाई. ती हजामत हाये. न्हाव्याला सांग."

"मग तुमची एखादी सुरी तरी द्या. वांगी चिरते."

"तितराच्या सुरीनं वांगी?"

मालकीणबाई परत विळीवर बसत. मीही नांदेडहून एक स्टीलची सुरी आणली होती, ती मालकांनी एकदा उचलून उन्हात धरली, उलटीसुलटी केली आणि सभ्यपणे परत दिली. "चांगली हाये बाई. लोणी लावायला."

या घरात मंदा नावाची एकुलती एक मुलगी होती. डी.एड. झालेली, हसरी, आणि बापासमोर कधी तोंड वर करून न बोलणारी. ती माझ्याकडे इंग्रजी बोलायला शिकायला यायची, आणि इंग्रजीत मात्र बापाविषयी सगळं बोलायची. तिला पाहायला पहिल्यांदा जी मंडळी आली ती पुढच्या खोलीत बसली, त्यांनी समोरची फळी पाहिली. मुलाच्या आईने हळूच विचारलं, "हे काय हो?" मालकांनी आनंदाने वरून सुरुवात केली. ते हरणापर्यंत पोचले तेव्हा मुलाच्या मामाला काहीतरी काम आठवलं. पोहे तसेच राहिले. त्यानंतर बसस्टँडवर बोललं जाऊ लागलं की पोरगी चांगली आहे, पण तिच्या बापाची धास्ती वाटते. उद्या नवरा-बायकोत काही झालं तर हा सासरा काय घेऊन दारात उभा राहील, सांगता येत नाही.

दुसरी मंडळी आलीच नाही. वर्ष गेलं.

मग डोंगरकडा या गावाहून एक निरोप आला. मुलगा वसमतला शाळेवर मास्तर होता आणि एका प्रशिक्षणात मंदाशी त्याची ओळख झालेली होती. मला एवढंच सांगण्यात आलं, पण ते सांगताना मंदाचे कान लाल झाले होते, त्यामुळे बाकीचं मला कळलं. मुलाचे वडील बैठकीला येणार होते. मंदा त्या दिवशी माझ्या खोलीत आली आणि पहिल्यांदाच मराठीत रडली.

"मॅडम, ती फळी उतरवायला सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील. हे बी परत गेले तर मी काय करू?"

मी मालकांशी बोलले. इंग्रजी शिकलेल्या माणसाचा ते मान ठेवत. त्यांनी सुऱ्या उतरवल्या, एकेक फडक्यात गुंडाळल्या आणि धान्याच्या कोठीमागे ठेवल्या. भिंतीवर खिळे तेवढे राहिले. त्यावर मालकीणबाईंनी भरतकामाचा एक मोर टांगला.

माघातली गोष्ट. पाहुणे मोटारसायकलवर आले. मुलाचे वडील म्हणजे धिप्पाड माणूस, खांद्यावर टॉवेल, आणि मालकांना खरं म्हणजे ज्यांची मिशी मिळाली होती ते हेच असावेत असं मला वाटलं. पाठीमागे त्यांचा भाऊ बसला होता आणि त्याच्या मांडीवर एक ओलं पोतं होतं. पोतं हलत होतं.

त्यांनी चहा घेतला. भिंतीवरच्या मोराकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "सोयरे, सुऱ्या कुठं गेल्या?"

मंदा आतल्या दाराशी उभी होती. तिच्या हातातली बशी वाजली.

"आमी आइकून हावो," पाहुणे म्हणाले. "डोंगरकड्यापस्तोर तुमच्या सुऱ्यांचं नाव हाये. म्हणून इसापूरच्या भोयांकडून मरळ आणली. जित्ती हाये. पसंतीचं नंतर बोलू. आधी तुमच्या हातानं हिला कापा, आमी बाहीर रांधतो, खातो. माणसाचा हात बघितला म्हंजे मला माणूस कळतो."

मालकांचा चेहरा एकाच वेळी उजळला आणि पडला. हे मी नंतर कधीच कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही.

पातेल्यातल्या चिमण्यांना हाकलण्यात आलं. निंबाखाली दगड मांडले. घंगाळात पाणी भरून त्यात मरळ सोडली आणि वर झाकण ठेवून झाकणावर धोंडा ठेवला, कारण मरळ उडी मारते आणि पाण्याबाहेरही बराच वेळ जगते. कोठीमागून सुऱ्या बाहेर आल्या. मोर उतरला. आणि मालकांनी निवडायला सुरुवात केली.

मी माझ्या दारात वह्या तपासत बसले होते. तपासल्या एकही नाहीत. मरळीची सुरी तर ठरलेली होती, पण मालक म्हणाले, मरळ अंदाजापेक्षा मोठी आहे, हिला कटल्याची लागेल. मग कटल्याची जरा ताठ वाटली. मग वांबीची काढली. पाहुणे उकिडवे बसून मन लावून ऐकत होते. "बराबर," ते मधून मधून म्हणत. शेवटी मरळीचीच ठरली. मग दगड भिजवायला ठेवला. दगड भिजेपर्यंत पोलादाविषयी बोलणं झालं. मग घासणं सुरू झालं. दोन्ही अंगांनी, सावकाश. मग पट्टा. मग डाव्या हातावर केस शोधणं. पाहुण्यांनी तो गुळगुळीत हात पाहिला, आणि आपला स्वतःचा केसाळ हात पुढे केला.

"ह्याच्यावर बघा, सोयरे."

मालकांनी पातं फिरवलं. केस असे उडाले की पाहुण्यांचा भाऊ "आयला!" म्हणून मागे सरकला.

आता करायला काहीच उरलं नव्हतं. ऊन निंबाच्या बुंध्यापर्यंत उतरलं होतं. मालकीणबाई पदर नाकाला लावून लांब विहिरीजवळ उभ्या होत्या. मंदा खिडकीच्या गजाला धरून उभी होती. घंगाळावरचं झाकण मधून मधून खणखणत होतं.

"उचला," पाहुणे म्हणाले.

मालकांनी झाकण काढलं. हाताला चुलीतली राख लावली, मरळ निसटू नये म्हणून लावतात तशी, आणि तिला बाहेर काढून पाटावर धरलं. काळी, जाड, मनगटाएवढी. तिने तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. मालकांनी सुरी उचलली. ती सुरी थरथरत होती. मला वाटलं हे मलाच दिसतंय, पण पाहुणेही तिकडेच पाहत होते. मला कळलं की हा माणूस मासा कापणार नाही. आणि नाही कापला तर सगळ्या तालुक्यात शिकारी म्हणून मिरवलेला हा गृहस्थ लबाड ठरणार, आणि लबाडाच्या पोरीशी सोयरीक कोण करणार? खिडकीतल्या मंदालाही तेच कळलं होतं. तिने डोळे मिटून घेतले होते.

मालक बराच वेळ त्या माशाच्या पोटाकडे पाहत राहिले. मग त्यांनी सुरी खाली ठेवली. आवाज होता तसाच भरदार.

"सोयरे, हिला कापता येत न्हाई."

"काहून?"

"दोन जीवाची हाये."

पाहुण्यांच्या भावाने मान पुढे काढून पाहिलं.

"अंड्यावर हाये ती," मालक म्हणाले. "खरा शिकारी पोटुशीवर सुरी चालवत न्हाई. डुकरीण आसो, हरणी आसो, का मरळ आसो. आमच्यात पाप हाये ते."

पाहुण्यांनी मरळीकडे पाहिलं. मग मालकांकडे. मग पुन्हा मरळीकडे.

"माघात?" ते म्हणाले.

"धरणाच्या पाण्याचं काय सांगता येत न्हाई," मालक म्हणाले.

पाहुण्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. टॉवेल बाजूला झाला तेव्हा त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता. "व्हय," ते म्हणाले. "दोन जीवाच्या बाईला तकलीफ देऊ नये. सोडा तिला विहिरीत. आन् वैनी, अडकित्ता आणा. सुपारी फोडून टाकू."

त्या दिवशी त्या घरात एवढंच पातं कामाला आलं. अडकित्ता मालकीणबाईंचा होता, आणि विळीच्या जातीचाच होता. सुपारी फुटायला वेळ लागला, पण फुटली. पाहुण्यांनी मालकीणबाईंच्या हातचं पिठलं-भाकर खाल्लं. मरळ विहिरीत गेली. पुढे आम्ही सगळे त्याच विहिरीचं पाणी प्यायलो. आजोबांना हे मी बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

लग्न झालं. मंदा वसमतला गेली. दिवाळीला सोयरे आले, चपला काढायच्या आधी विहिरीवर गेले आणि आत वाकून पाहिलं.

"मोकळी झाली का हो?"

"न्हाई अजून," मालक म्हणाले. "दिस भरले न्हाईत."

पुढच्या वर्षी संक्रांतीला तेच. "झाली का?" मालकांनी सांगितलं की विहिरीचं पाणी थंड आहे, त्यामुळे उशीर होतो. त्याच्या पुढच्या खेपेला हवा मानवली नव्हती. दोन म्हातारी माणसं काठावर हात टेकून इतकं गंभीर बोलायची, की नवीन माणसाला वाटावं घरातल्या सुनेची चौकशी चालली आहे. त्यांच्यापैकी कुणीही कधी हसलं नाही.

एकदा मालक पान आणायला बाहेर गेले होते तेव्हा मी सोयऱ्यांना विचारलंच. "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

"बाई, पाण्याकाठी जलम गेला माझा. मरळ पावसाळ्यात अंडी घालती, हे पाळण्यातलं लेकरू बी सांगंल. आन् त्यो तर नर होता."

"मग तुम्ही काही बोलला कसे नाहीत?"

"मी भिऊन आलतो," ते म्हणाले. "पोरगं हट्टाला पेटलेलं. बाहीर आइकावं तर पोरीचा बाप येवढ्या सुऱ्या पाजळून राहिलेला माणूस. म्हटलं, ह्याचा हात बघावा. मासं त्याच्यासाठीच आणलं. झटक्यात कापलं आसतं, तर चहाची उष्टी बशी सुदिक ठेवून उठलो आसतो. हात थरथर कापला त्याचा, तवा माझ्या जिवात जीव आला. अशा माणसाची पोरगी डोळं झाकून करावी."

मालक पान घेऊन परत आले. सोयरे त्यांना म्हणाले, "बाईला मरळीच्या सुरीचं सांगून राहिलो हावो. तुमच्यावानी जमत न्हाई."

"पोलादापासून सुरू करा," मालक म्हणाले.

हिंगोली जिल्हा झाला त्या सुमारास मंदा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. मुलगी झाली. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा असते, हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असेलच. पाटा-वरवंटा मांडतात, आणि बाळाच्या उशाखाली लोखंडाचं एखादं हत्यार ठेवतात, वाईटसाईट जवळ येऊ नये म्हणून. नेहमीच्या घरात विळा ठेवतात किंवा अडकित्ता. पण मालकीणबाई सकाळीच निंबाखाली आल्या आणि म्हणाल्या, "अहो, पोरीच्या उशाला एक सुरी पायजे."

इतक्या वर्षांत कुणी त्यांच्याकडे सुरी मागितली आणि ती द्यावीशी वाटली, असा हा पहिला प्रसंग होता. मालक उठले. फळीपुढे उभे राहिले. डुकराची म्हणाले, मग जड होईल म्हणाले. तितराची काढली, तिची मूठ टोचेल म्हणून परत टांगली. दुपारपर्यंत निवड चालली. शेवटी मरळीची सुरी हातात आली. ती एव्हाना बोटाएवढी अरुंद झाली होती. त्यांनी दगड भिजवला आणि धार लावायला बसले.

मालकीणबाई बाळंतिणीच्या शेकाची शेगडी घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या.

"धार कशाला लावता?"

"मग?"

"लेकराच्या उशाला ठेवायची हाये. काढा ती धार."

मालकांनी वर पाहिलं. आयुष्यात कधी न ऐकलेलं वाक्य ऐकल्यासारखं. "काढू?"

"हां. आपल्या विळीइतकी ठेवा, म्हंजे झालं."

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता हजामतीचं काहीतरी ऐकायला मिळेल. पण मालकांनी सुरी उभी धरली आणि पात्याची कड सरळ दगडावर टेकवली. फार कर्कश आवाज झाला. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पुन्हा घासली. मग पुन्हा. धार लावायला जेवढा वेळ घ्यायचे, तेवढाच वेळ त्यांनी ती घालवायला घेतला, दोन्ही अंगांनी, सारखा हात देऊन. मग अंगठा पात्यावरून फिरवला. मग पातं गालावर ओढून पाहिलं. मग सवयीने डाव्या हातावर. काहीच झालं नाही, आणि ते समाधानाने उठले.

बारशाला सोयरे आले. विहिरीवर न जाता सरळ पाळण्याकडे गेले. नातीला पाहून झाल्यावर त्यांनी उशाखालची सुरी बाहेर काढली, बोटाने चाचपली आणि मिशीतल्या मिशीत म्हणाले, "सोयरे, हिला धारच न्हाई की हो."

"ही लेकराची सुरी हाये," मालक म्हणाले. "हिला धार नसती."

मंदा तीन महिने माहेरी होती. त्या काळात निंबाखालचा दगड कोरडा होता, कारण घासण्याच्या आवाजाने बाळ दचकायचं. संध्याकाळी मालक त्या दगडावर बसून नातीला डाव्या हातावर आडवी घेत. मान धरायला तोच हात त्यांना सोयीचा पडे. एका संध्याकाळी मी कॉलेजातून आले, तेव्हा ती त्या हातावर झोपली होती आणि तिच्या मुठीत त्यांच्या हातावरचे केस होते. नवे, पांढरे, अर्ध्या बोटाएवढे वाढलेले. ती झोपेत ते ओढत होती आणि मालक तोंड वेडंवाकडं करत होते, पण हात हलवत नव्हते.